तीन दर्यांची हाळी

एका राज्यात दिवस उगवून बरोबर दोन घटका झाल्या, आणि वारा थांबला.

थांबला म्हणजे कसा, तर चुलीचा धूर दोरीसारखा सरळ वर गेला आणि तिथेच उभा राहिला. किल्ल्यावरचं निशाण काठीला चिकटलं. माडांच्या झावळ्या मुक्या झाल्या. लोकांनी आधी कौतुकानं पाहिलं, मग घाम पुसला, मग एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.

हे राज्य तीन दर्यांच्या काठी वसलं होतं. उत्तरेला धुक्याचा दर्या, मावळतीला खोल दर्या, दक्षिणेला ऊन दर्या. दर्यांवर लोकांचं पोट, आणि हाळीवर लोकांचा भरवसा. हाळी अशी, की रोज सकाळी समुद्राकडच्या बुरुजावर हाळकरी उभा राही आणि तिन्ही दर्यांचा हाल, म्हणजे हालहवाल, ओरडून सांगे. वारा कोणत्या अंगाचा, लाट किती उंच, धुकं कुठवर, वादळ कुठे. आणि वादळ असेल तर होड्यांनी कोणत्या खाडीत शिरायचं, तेही. बुरुजावरून शब्द निघाला की वारा तो उचलून नेई आणि पार शेवटच्या होडीच्या कानात घाली. तिथे तसंच चाले.

वारा थांबायच्या काही महिने आधी राणी शशिप्रभेला बऱ्याच नवसांनी मुलगा झाला. त्याचा पाळणा समुद्राकडच्या खिडकीत बांधला होता. एके सकाळी हाळकऱ्यानं बुरुजावरून वादळ म्हटलं, आणि लेकरू दचकून रडलं. त्याला ताप भरला. राणी पहिलटकरीण, ती घाबरून गेली. तिनं राजाला विनवलं, की माझ्या पाळण्याशेजारी वाईट शब्द नको. राजा रत्नध्वजानं हुकूम काढला. त्या दिवसापासून हाळकरी बुरुजावर चढे, म्हणे, तिन्ही दर्ये गोड आहेत, आणि खाली उतरे. आभाळ काळं असलं तरी गोड, लाट माडाएवढी असली तरी गोड.

आता गंमत पाहा, कुणी कुरकुर केली नाही. कोळीवाड्यातल्या बायकांना तर बरंच वाटलं. त्यांची पहिल्यापासून रीतच होती, की घरचा माणूस दर्यावर असेतो वादळाचं नाव काढायचं नाही. ‘पाहुणा’ म्हणायचं. नाव काढलं की तो ऐकतो आणि येतो, असं त्या धरून चालत. आता राजाच्या घरीही तीच रीत आली, म्हणून त्यांना मान मिळाल्यासारखं झालं.

त्याच कोळीवाड्यात गोजरी राहत होती. तिची लेक वेणू राजपुत्राच्या बरोबरीची, नुकती रांगायला लागलेली. नवरा गोमा हा दक्षिणेला गेलेल्या होड्यांचा तांडेल, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या. वारा थांबला तेव्हा त्या साऱ्या होड्या ऊन दर्याच्या मध्यावर होत्या. पिंपात पाणी असतं मोजकंच. गोजरी काळजी करणारी बाई. लेक शिंकली तर दृष्ट काढी, नाही शिंकली तर का शिंकत नाही म्हणून पाहत बसे. ती आता दिवसभर किनाऱ्यावर उभी राहून एकच हिशेब करी: घोट घोट पाणी प्यायलं, तर किती दिवस पुरेल.

राजाही हात बांधून बसला नव्हता. त्यानं तीन जादूगार बोलावले. पहिल्यानं मंतरलेल्या मोरपिसांचा पंखा हलवला. त्याला स्वतःलाच घाम फुटला, बाकी काही झालं नाही. दुसऱ्यानं शंख फुंकला. फुंकर शंखातच राहिली. तिसऱ्यानं सांगितलं की ग्रह फिरतील तेव्हा वारा फिरेल, आणि तो जेवायला गेला.

अशात एका दुपारी वाळूतून एक कुरव पक्षी चालत चालत आला. पांढरा, लांब पंखांचा, पण दमलेल्या हमालासारखा पाय ओढत. तो गोजरीपुढे थांबला.

“अशी काय बघतेस? उडायला वारा लागतो. पाणी आहे का?”

गोजरीनं करवंटीत पाणी दिलं, वर सुका बोंबील दिला. बोंबील खारट आहे म्हणून त्यानं दोन बोल लावले आणि सगळा खाल्ला. मग त्यानं सांगितलं, की तिन्ही दर्ये जिथे मिळतात तिथे एक खडक आहे, खडकावर जटाई बसते, आणि जगातले वारे म्हणजे तिचे केस. एरवी ती केस मोकळे सोडून विंचरते. आता तिनं सगळ्यांचा अंबाडा घातला आहे. समजूत काढणारं कुणी जात नाही, म्हणून तो सुटत नाही.

गोजरीनं वेणूला जावेच्या ओटीत दिलं. पेज कशी द्यायची, ताक का द्यायचं नाही, दुपारी कुठल्या कुशीवर निजवायचं, हे सांगता सांगता ऊन कलायला लागलं. शेवटी जाऊ म्हणाली, अगं मी चार वाढवलीत, जा आता. गोजरीनं जावेची घागर पाण्यानं भरून घेतली आणि लहान होडी पाण्यात लोटली. कुरव होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला बसला आणि वाटभर बोलत राहिला, की बाई वल्हवते हळू आणि काळजी करते जोरात.

खडकावर जटाई बसली होती. तिचा अंबाडा टेकडीएवढा होता आणि आतून गुणगुणत होता.

“कोण तू?”

“गोजरी. गोमा तांडेलाची बायको.”

“काय पाहिजे?”

“वारा.”

“कोणता?”

वारा म्हणजे वारा, एवढंच गोजरीला ठाऊक.

जटाई म्हणाली, “पहाटेचा मतलई वेगळा, दुपारचा खारा वेगळा. शिडात भरतो तो वेगळा, पाऊस आणतो तो वेगळा. आणि सगळ्यांत लांब केस वादळाचा. तुमच्या राज्यात त्याचं नाव टाकलं. तू आई आहेस ना? घरातल्या एका लेकराचं नाव टाकलं, तर बाकीच्यांना जेवायला वाढशील का? मी सगळेच बांधून ठेवले.”

गोजरी खाली मान घालून म्हणाली, “आमचं चुकलं. आता काय करू?”

“तिन्ही दर्यांचा खरा हाल आण. उत्तरेचं धुकं कुठून उठतं ते बघ. मावळतीच्या लाटेला तिचं माहेर विचार. दक्षिणेला जे निजलं आहे, त्याचं तोंड कुणीकडे आहे ते पाहा. मग बुरुजावरून हाळी दे. गोड ते गोड, कडू ते कडू. एक शब्द गाळलास तर ही गाठ पुन्हा सुटायची नाही.”

तिनं अंबाड्यातून एक बारीक केस उपटला आणि होडीच्या डोलकाठीला बांधला. तेवढ्यानं शीड भरलं. जटाईनं बजावलं, की हा एका लहान होडीपुरता आहे. मोठ्या गलबताला बांधला तर तुटेल.

पहिल्यांदा ती उत्तरेला गेली. धुकं इतकं दाट, की तिला आपलाच हात दिसेना. आतून तिला वेणूच्या रडण्याचा आवाज आला. अगदी तोच, भुकेचा. तिनं सुकाणू तिकडे वळवलंसुद्धा.

“तुझी लेक जावेकडे आहे,” कुरव म्हणाला. “जाऊ तिला भात भरवतेय, आणि ती तो जावेच्या लुगड्याला पुसतेय. सरळ चल.”

गोजरीनं ओठ चावला आणि सुकाणू पुन्हा सरळ केलं. धुक्यातला आवाज हळूहळू विरला. तिनं हात पाण्यात धरूनच ठेवला. कोमट, कोमट, आणि मग एका जागी एकदम विहिरीसारखं गार. तळातलं गार पाणी तिथे वर येत होतं, वरची दमट हवा त्याला टेकत होती, आणि कढत दुधावरच्या वाफेसारखं धुकं उठत होतं. तिथून किनाऱ्यापर्यंत सगळं झाकलेलं. त्या जागेच्या पलीकडे मात्र लख्ख ऊन. तिनं ते पाहून ठेवलं.

मग ती मावळतीला गेली. इथे वारा नाही, तरी लाटा होत्या. लांब, सावकाश, एकीमागून एक, लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्या बायकांसारख्या. घाई नाही, पण थांबणंही नाही. गोजरीनं होडी एका लाटेच्या बरोबरीनं लावली आणि अदबीनं विचारलं, “आजी, माहेर कुठलं?”

लाट चालता चालता म्हणाली, “दक्षिणेचं. तिथे काहीतरी वळतंय, बाई. आम्ही पुढे आलो सांगायला. पण तुमच्या किनाऱ्यावर हल्ली कुणी विचारत नाही. आपटायचं आणि गप्प बसायचं.”

दक्षिणेला गोमा होता.

ती दक्षिणेला गेली. पाणी न्हाणीतल्या हंड्यासारखं तापलं होतं. वारा बांधला गेला होता, पण ऊन कुणी बांधलेलं नव्हतं. ते इतके दिवस त्या दर्यावर ओतत होतं, आणि ढवळणारं कुणी नव्हतं. आणि मध्यावर वादळ निजलं होतं. तीन गावं मावतील एवढं, करड्या ढगांचं, गुडघे पोटाशी घेऊन लेकरू निजतं तसं वाटोळं. त्याचा श्वास गोल गोल फिरत होता. बरोबर मध्ये त्याचा एकच डोळा, मिटलेला. ऊन पाण्यावर पडे, वाफ वर जाई, आणि झोपेतल्या झोपेत वादळ ती गिळी. गोजरी त्याला वळसा घालून पुढच्या अंगाला आली. त्याचं तोंड घराकडे होतं. बंदराकडे, बुरुजाकडे, वेणू निजली होती त्या अंगणाकडे.

थोड्या अंतरावर, दर्याभर विखुरलेल्या, होड्या उभ्या होत्या. शिडं ओल्या फडक्यांसारखी लोंबत होती. सगळ्यांत पुढे गोमाची. तो काठावर बसून उगाच जाळं विणत होता, ओठ फुटलेले.

“भूत का बायको?” त्यानं विचारलं.

“बायको.”

“मग पाणी आण.”

तिनं घागर वर दिली. त्यानं आधी खलाश्यांना पाजलं, मग स्वतः तोंड लावलं. वेणूचं विचारलं. दात आला म्हणून ऐकलं, तेव्हा त्याला एवढा आनंद झाला, की फुटलेल्या ओठांनीही तो हसला. मग तो म्हणाला, “दर्याचा हाल काय?”

गोजरीची जीभ रितीप्रमाणे वळली. “धनी, मागे पाहुणा निजलाय.”

“पाहुणा म्हणू नकोस. पाहुणा म्हटल्यानं शीड कुठल्या अंगाला वळवायचं ते कळत नाही.”

तिनं तरी तो शब्द उच्चारला नाही. तिनं फक्त सांगितलं, त्याचं तोंड घराकडे आहे. गोमानं जाळं खाली ठेवलं. मग बोलला, की उगवतीला सुरूच्या बेटामागे खाजण आहे, चिखलाचं आणि खोल. तिथे सगळ्या होड्या मावतील. पण वारा सुटला की प्रत्येक जण डोळे मिटून घराकडे शीड लावणार, आणि मागे निजलेलं ते उठून घराच्या वाटेवरच त्यांना गाठणार. होड्या इतक्या पांगल्या आहेत, की आपला आवाज पुरत नाही. हाळी आली तरच ऐकतील.

गोजरीनं होडी त्याच्या गलबताला भिडवली. “तुम्ही या. एकटे मावाल.”

गोमानं मागच्या खलाश्यांकडे पाहिलं. “आणि हे?”

गोजरीनं आपल्या एवढ्याशा होडीकडे पाहिलं.

“मग झालं,” गोमा म्हणाला. “जा. आणि घागर परत ने, जाऊबाईंची दिसते. त्या मागतील.”

केसानं शीड भरलं आणि होडी निघाली. गोजरीनं मागे वळून पाहिलं नाही.

दरबारात राजानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्याचं नाव घेतलं तर ते येईल?”

“येईल, महाराज.”

“नाही घेतलं तर?”

“तरी येईल. आणखी मोठं होऊन येईल. त्याला रोज ऊन मिळतंय, महाराज, ते पोसलं जातंय.”

राजानं राणीकडे पाहिलं. राणीच्या मांडीवर राजपुत्र तिच्या माळेशी खेळत होता. ती उठली, लेकराला कडेवर घेतलं, आणि सगळ्यांच्या आधी बुरुजाकडे चालू लागली. तिथे पोचल्यावर मात्र तिनं त्याचे दोन्ही कान हातांनी झाकून धरले.

खाली वाळूत कोळीवाडा जमला होता. हाळकऱ्यानं गोजरीला आपली जागा दिली. ती दगडावर चढली आणि पदर खोचून ओरडली.

“ऐका हो, उत्तरेचा दर्या. गार पाण्याच्या पट्ट्यापासून किनाऱ्यापर्यंत धुकं आहे. पट्ट्याबाहेर लख्ख आहे. बाहेरूनच चला.”

काठीवरच्या निशाणाचा गोंडा हलला.

“ऐका हो, मावळतीचा दर्या. लाट लांब आहे, दक्षिणेची आहे. होड्या वर ओढून घ्या.”

निशाणाचं टोक उचललं गेलं. खालून बायका बोलायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, “गोजरे, आमच्या माणसांना घरी बोलाव.” मग सगळ्याच तेच म्हणू लागल्या. त्यांत गोमाची आई होती. गोजरीलाही तेच म्हणायचं होतं. एवढं एकच, घरी या. पण वादळ हा शब्द तिनं जन्मात कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता, आणि तो उच्चारला की तो मिटलेला डोळा उघडणार, आणि त्याच्या उशाशीच तिचा नवरा.

ती तशीच उभी राहिली. निशाण पुन्हा खाली लोंबलं.

तेव्हा राणी पुढे आली. तिनं लेकराच्या कानांवरचे हात काढले.

“सांग, बाई,” ती म्हणाली. “हा रडेल. रडू दे.”

गोजरीनं श्वास घेतला.

“ऐका हो, दक्षिणेचा दर्या. वादळ आहे. वादळाचं तोंड घराकडे आहे. घरी येऊ नका. कुणीही घरी येऊ नका. उगवतीला वळा, सुरूच्या बेटामागच्या खाजणात शिरा, आणि दर्या मवाळल्याची हाळी येईतो बाहेर निघू नका.”

राजपुत्र दचकला आणि रडला. दूर तिन्ही दर्यांच्या मिळणीवर एक गाठ सुटली. होडीच्या काठीवरचा केस आपोआप सुटून उडून गेला, निशाण फाडकन उघडलं, आणि वाऱ्यानं हाळी उचलली. कुरवानं पंख पसरले, दोन पावलं धावला, आणि इतक्या दिवसांनी हवेत चढला. त्यानं निरोपसुद्धा घेतला नाही.

मग कुणी रिकामं बसलं नाही. राजानं वरच्या किल्ल्याचे दरवाजे आणि धान्याची कोठारं उघडली. बायकांनी होड्या वर ओढल्या, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं. राणीनं पाळण्याच्या दोऱ्या स्वतःच्या हातानं सोडल्या.

वादळ आलं. खूप दिवस कोंडून ठेवलेल्या माणसासारखं आलं. त्यानं कौलं उडवली, माड मोडले, बंदराचा धक्का गिळला. राजवाड्याची समुद्राकडची खिडकी चौकटीसकट गेली. पाळणा तिथे नव्हता. किल्ल्यावर सगळी माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. राजपुत्र आणि वेणू एकाच घोंगडीत निजले होते, आणि दोघांतलं एकही रडलं नाही.

मग आभाळ उघडलं. हाळकरी बुरुजावर चढला. त्याचा आवाज आधी कापला, मग ठाम झाला. दक्षिणेचा दर्या मवाळ आहे, तो म्हणाला, वारा घराकडचा आहे, घरी या.

गोजरी वेणूला खांद्यावर निजवून पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन उभी राहिली. पहिलं शीड दिसलं, मग पाचसहा, मग मोजता येईनात इतकी. एकाची काठी मोडली होती, त्याला दुसऱ्यानं ओढून आणलं होतं. बायका आपापली होडी ओळखून पाण्यात धावत होत्या. गोमाची होडी दिसेना. सगळ्या लागल्या, तरी दिसेना. गोजरीनं पुन्हा पहिल्यापासून शिडं मोजली. मग तिला आठवलं, की तांडेल सर्वांना पुढे घालतो आणि आपण मागून येतो. आणि तेवढ्यात धक्क्याच्या उरल्यासुरल्या दगडांआडून ते ठिगळाचं शीड आलं.

गोमा उतरला. तिच्याकडे पाहून म्हणाला, “घरी येऊ नका, घरी येऊ नका, एवढी ओरडलीस. घरात दुसरं कोण ठेवलंयस की काय?”

गोजरी हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता त्याला म्हणाली की हळू बोला, वेणू निजलीय.

अशी ती गाठ सुटली. जटाई केस मोकळे करून बसली आणि सगळे वारे आपापल्या वेळेला येऊ लागले. धक्का पुन्हा बांधला गेला. राजानं हुकूम मागे घेतला, आणि हाळी पूर्वीसारखी झाली, गोड ते गोड, कडू ते कडू. कोळीवाड्यातल्या बायका वादळाला आता वादळच म्हणतात. भीती वाटते, पण म्हणतात.

तर बायांनो आणि दादांनो, तुम्ही हे ऐकलंत, आता पुढे सांगा. ज्या घरचा माणूस पाण्यावर आहे, त्या घरी आधी सांगा. दर्याचा हाल कानावर आला, तर तो आहे तसाच शेजारणीला सांगा, लेकरांदेखत सांगा. लेकरू दचकलं तर पाठीवर हात ठेवा. शब्द मात्र गाळू नका.